अप्पा सरांची दहा आकडी संख्या

लातूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात चार मास्तर चहाला बसले, की अप्पा सरांचा विषय निघतोच. गणिताचे अप्पा सर, मूळचे निलंग्याचे. त्यांचे किस्से कुणी जमवले नाहीत, आपोआप साठत गेले. पूर्वी सांगताना हसू आवरायचं नाही. आता तसं हसू येत नाही, खरं सांगतो.

*

स्टाफरूमचा रिवाजच होता. नवीन गाडी घेतली की नंबर आधी सरांना दाखवायचा. मी हौसेनं १००१ मिळवला, पेढे वाटले. सरांनी पेढा तोंडात टाकला अन् म्हणाले, "सात गुणिले अकरा गुणिले तेरा. तीन तुकडे झाले की हो तुमच्या गाडीचे!"

बायको आठवडाभर गाडीवर बसली नाही!

*

सरांचा जीव मात्र एकाच संख्येवर. १२३४५६७८९१. हिला कशानंच भाग जात नाही, ही मूळ संख्या आहे, हे त्यांना हातानं भागून बघायचं होतं. दोन, तीन, पाच, सात... असं करत पार पस्तीस हजार एकशे एकोणतीसपर्यंत! त्याच्या पुढं भागून बघायची गरजच उरत नाही, म्हणायचे. रजिस्टरांवर रजिस्टरं भरत होती.

नांदेडहून आलेल्या नव्या मॅडमनी मोबाईल काढला. "सर, मूळच आहे. एका सेकंदात आलं!"

"मशीननं बघितलं, मॅडम. मी कुठं बघितलंय अजून?"

*

रिटायर झाल्यावर एकदा सरांचा फोन आला. "अहो, सतरानं भागून बघितलं होतं का मी?"

सतरा! पहिल्या रजिस्टरचं पहिलं पान! मी खो खो हसलो. त्याच आठवड्यात चौथ्यांदा तोच फोन आला, तेव्हा हसलो नाही.

*

सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, अन् मी सरांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, "सर, शंभरातून सात-सात वजा करत चला."

 सर हळूच म्हणाले, "सात मूळ संख्या हाय."

हळूहळू माणसं विसरतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. जिन्यात काकूंनी माझा हात धरला. "मलाबी?"



*

परवा त्यांच्या घरी गेलो. टेबलावर शेवटचं रजिस्टर. चौथी शिकलेल्या काकू शेजारी बसून पाढे म्हणत होत्या, सर पेन्सिलीनं भागाकार करत होते. भागत होते पस्तीस हजार एकशे एकोणतीसनं. शेवटचा आकडा!

बाकी उरली २९४४४. भाग गेला नाही.

"झालं! संपलं!" सर लेकरासारखे हसले. मी टाळ्या वाजवल्या. सरांनी काकूंना हात जोडले. "बाई, लई मदत केली तुम्ही. आता उद्यापासून नका येऊ."

सर हात धुवायला आत गेले. काकूंनी रबर घेतला अन् तो शेवटचा भागाकार खोडून टाकला. कागद तिथं पार झिरझिरीत झाला होता.

सर परत आले. रजिस्टरात डोकावले.

"बाई, एक राहिलंय की हो. उद्या याल का?"

"येते की," काकू म्हणाल्या.