पाइनची हजामत

एकोणीसशे तीस सालानंतरची ही गोष्ट. आमची कंपनी नाशिकजवळ देवळाली छावणीत होती. साडेपाचला बिगुल, सहाला पीटी, आठला परेड. पहाडातल्या ट्रेनिंगहून येताना आमच्या सावळारामने पाइनचं रोप डब्यात घालून आणलं. गडी कळवणकडचा. बराकीपुढे लावताना त्याच्या बोलीत म्हणाला, “जगी जाई, भाऊ.” म्हणजे जगेल.

पुढे आम्ही सरहद्दीवर गेलो. सावळाराम तिकडेच राहिला. त्याला मी खांदा दिला. परत आलो तेव्हा झाड माणसाएवढं झालं होतं. मी हवालदार होतो. पाणी मीच घालायचो.

चैत्रात झाड आतून पिवळं पडलं. इन्स्पेक्शन दोन दिवसांवर. फेरीवर आलेले सुभेदारसाहेब झाडापुढे थांबले.

“हवालदार, झाड मेलंय. लाइनीत पिवळं दिसलं तर कुऱ्हाड.”

“जी साहेब.”

फौजी माणसाला एकच इलाज ठाऊक, हजामत. परेडनंतर आम्ही सहा जण बसलो आणि तीन तासांत पिवळी सुई, म्हणजे पाइनचं पान, एकूणएक उपटली. बोटं चिकट झाली, पण आम्ही कामावर जाम खूश होतो.

सुभेदारसाहेब आले. “हे झाड हाय का केरसुणी? उद्या चारला तोडा.”

सावळारामच्या झाडावर मीच कुऱ्हाड चालवायची!

दुसऱ्या दिवशी तीन वाजता खेचरांच्या कंपनीतला गढवाली नाईक कामासाठी आला. झाड बघून पोट धरून हसला.

“हवालदारजी, यह काम पेड़ खुद कर लेता. हर साल पुरानी सुई गिराता है. सिरे तो देखो!”

फांद्यांच्या टोकांना कोवळे हिरवे कोंब होते. आम्ही सहा जणांनी ते पाहिलेच नव्हते. मी धावत सुभेदारसाहेबांना घेऊन आलो. त्यांनी एक कोंब चिमटीत धरला, वास घेतला.

“कुऱ्हाड स्टोअरला जमा करा.”

मी इतक्या जोरात सॅल्यूट ठोकला की नाईक पुन्हा हसला.

इन्स्पेक्शनला कर्नलसाहेबांनी त्या बोडक्या झाडाकडे छडी केली. “सुभेदारसाहब, यह मुर्दा है?”

सुभेदारसाहेबांनी टाच आपटली. “नहीं हुजूर. सिपाही सावळाराम का पेड़. हाजिर है.”

सरहद्दीवरून परतल्यापासून रोल-कॉलमध्ये ते नाव नव्हतं. त्या सकाळी ते पुन्हा पुकारलं गेलं.