हवा लागू नये म्हणून

आमच्या उलव्याच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतो. त्याचं नाव मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तो घरी बियर बनवतो. म्हणजे रविवारभर गॅलरीत बसून भंगारवाल्याकडून आणलेल्या बाटल्यांची लेबलं खरवडतो आणि अख्ख्या मजल्यावर शिळ्या पेजेसारखा वास सोडतो. बियर मात्र अजून कोणी चाखलेली नाही.

एकदा लिफ्टमध्ये भेटला आणि मला ओढतच घरी घेऊन गेला. कोपऱ्यात चादर गुंडाळलेला पांढरा ड्रम होता. "काका, हिला अजिबात हवा लागता कामा नये. तेवढं एक सांभाळलं की झालं," असं सांगत त्याने झाकण काढलं, आत नाक खुपसलं आणि मलाही वाकायला लावलं. तेवढ्यात इस्त्रीवाला कपडे घेऊन आला, त्यालाही दाखवलं. डोशाचं पीठ फुगलं का बघावं, तसा हा येता-जाता बघत असणार.

ती बियर नासली, नुसतं व्हिनेगर झालं. जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "नजर लागली, काका. या बिल्डिंगमधले लोक जळतात."

पुढच्या रविवारी पुन्हा बोलावणं आलं. ड्रम नव्याने भरला होता आणि झाकणाच्या कडीला लिंबू-मिरची बांधली होती. "आता बघू कोणाची टाप आहे," तो म्हणाला, आणि लिंबू हळूच बाजूला सरकवून त्याने मला दाखवायला झाकण उघडलं.