बटणवाला की टचवाला

गिरगावातल्या एका गल्लीत मी दोन्ही हातांत एकेक जीपीएस घेऊन उभी होते. पायाखाली तीच फरशी. डाव्या हातातलं यंत्र म्हणत होतं, मी याच गल्लीत आहे. उजव्या हातातलं म्हणत होतं, मी चाळ ओलांडून पलीकडच्या गल्लीत आहे. उजव्या हातातलं माझ्या पसंतीचं होतं. डाव्या हातातलं माझ्या ऑफिसातल्या केदारच्या.

जागा बदलली. पुन्हा तेच. मंदिराच्या कोपऱ्यावर उभी राहिले, तिथेही तेच. बरोबर आलेला केदार समोरच्या दुकानदाराशी गप्पा मारत होता. यंत्रांकडे त्याचं लक्षही नव्हतं. त्याला खात्रीच होती, याचा मला जास्त राग आला.

मी सर्व्हेअर आहे. जमीन, रस्ते, इमारती मोजायचं काम. आमची कंपनी लहान आहे, ऑफिस परळला. एरवी आमची कामं रुक्ष असतात. हे काम मात्र खेळाचं होतं. एका मोठ्या कंपनीला आपल्या स्टाफसाठी मुंबईत जिओकॅशिंग ठेवायचं होतं. म्हणजे साधी गोष्ट. कुणीतरी एक डबी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश देतो. शोधणारे जीपीएस घेऊन तिथे पोचतात, डबीतल्या कागदावर नाव लिहितात आणि डबी होती तशी ठेवून देतात. मोबाईल वापरायचा नाही असा त्यांचा नियम होता, म्हणून हातात धरायची यंत्रं हवी होती. कुठली घ्यायची ते आम्ही ठरवायचं, आणि डब्यांच्या जागाही आम्हीच मोजून द्यायच्या.

दोन मॉडेल्स शिल्लक राहिली होती. एक बटणवालं. दणकट, साध्या सेलवर चालणारं, भर उन्हात स्क्रीन स्वच्छ दिसणारं. दुसरं टचवालं, नवीन. ते उपग्रहाचे सिग्नल दोन फ्रीक्वेन्सींवर घेतं. दाट वस्तीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि यंत्र फसतं. दोन फ्रीक्वेन्सी असल्या की फसण्याचं प्रमाण कमी होतं. केदारने हे मीटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा मी म्हटलं होतं की ब्रोशरमध्ये सगळंच छान लिहितात.

खरं सांगायचं तर मला यंत्राशी देणंघेणं नव्हतं. केदारने बटणवालं निवडलं असतं, तर मी टचवाल्याची बाजू घेतली असती.

आमचे फील्ड हेड रिटायर व्हायचे होते. ती जागा माझी, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले. आमच्या मजल्यावरून सर्व्हेचा डिप्लोमा करणारी मी पहिली मुलगी. उन्हात कोन मोजायचं जड थिओडोलाइट खांद्यावर घेऊन फिरले आहे. आणि केदार कालपरवा आलेला, गिरगावचा मुलगा, हसरा. प्रधान सर, म्हणजे आमचे मालक, त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजायचे. मला मेल पाठवायचे.

त्याचं काम चांगलं होतं, हे तर फारच वाईट होतं. आळशी असता तर मला किती बरं वाटलं असतं.

दुसरी टेस्ट आम्ही बीडीडीत घेतली. एका बाजूला जुन्या चाळी, दुसऱ्या बाजूला नवे टॉवर. तिथेच नव्या इमारतीत आता आई राहते. ती खाली भाजी घ्यायला आली होती. केदारने वाकून नमस्कार केला, पिशवी हातातून घेतली आणि लिफ्टपर्यंत नेऊन दिली. मग आईने त्याला वरच नेलं. मी खाली दोन यंत्रं धरून रीडिंग घेत राहिले.

संध्याकाळी आईचा फोन आला. मुलगा किती गुणी आहे, म्हणाली. आमच्यासारखा साधा चहा प्यायला, कपही धुऊन ठेवला. त्याला पुन्हा घेऊन ये. मी म्हटलं, आई, तुझी मुलगीही दिवसभर खाली उभी होती. ती म्हणाली, तू काय, घरचीच.

रे रोडला लाकडाच्या वखारींमध्ये पत्र्याच्या शेड आहेत. पत्रा सिग्नल फार परतवतो. तिथे बटणवालं यंत्र इतकं भरकटलं की मला त्याची कीव आली. मोकळ्या मैदानात दोन्ही सारखीच होती, पण खेळ मैदानात व्हायचा नव्हता.

रिपोर्ट मी लिहायचा होता. दोन्ही यंत्रांची रीडिंग समोर होती. उन्हात दिसणारी स्क्रीन, बदलता येणारे सेल, हे मुद्दे मी आधी लिहिले आणि छान फुलवून लिहिले. पण शेवटी 'शिफारस' असा रकाना होताच. तिथे टचवालं लिहिलं. मापं खोटी लिहायला मी शिकले नाही.

प्रधान सरांनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "गुड. म्हणजे केदार म्हणत होता तेच."

एवढंच. गल्ल्या मी तुडवल्या, आणि वाक्य त्याच्या नावावर.

मग डब्या लपवून त्यांच्या जागा मोजायचं काम केदारला मिळालं आणि तपासायचं मला. प्रधान सरांना वाटलं, ते मला दुय्यम काम देतायत. मला मात्र ते मनापासून आवडलं. मी त्याचा प्रत्येक पॉइंट चालत तपासायचं ठरवलं. एरवी आपण चारपाच नमुने बघतो आणि सही करतो. मी एकही सोडणार नव्हते. त्याने दिलेले आकडे यंत्रात टाकायचे, बाणाच्या मागे जायचं, डबी सापडते का बघायचं.

लालबागची सापडली. परळची सापडली. गिरगावातल्या सगळ्या सापडल्या. प्रत्येक डबी मिळाली की माझं तोंड आणखी कडू व्हायचं.

शेवटी माझगाव. टेकडीवरच्या बागेत डबी आहे हे मला माहीत होतं. बागेत शिरले, तर बाण मला बागेच्या बाहेर, पश्चिमेकडे बोलवत होता. चांगलं चारेकशे मीटर लांब. मी बाणामागे गेले. तो मला एका भलत्याच इमारतीच्या गेटवर घेऊन आला. वॉचमनने विचारलं, कुणाकडे जायचंय. मी यंत्रातले आकडे पुन्हा एकदा पाहिले. मला इतका आनंद झाला होता की चेहरा लपवावा लागला.

चूक काय होती ते लगेच कळलं. अक्षांश-रेखांश अंश आणि मिनिटांत लिहितात. मिनिटाच्या पुढचा भाग दोन पद्धतींनी लिहिता येतो: सेकंदांत किंवा दशांशात. पस्तीस सेकंद म्हणजे अर्ध्या मिनिटाहून जरा जास्त. पण तेच आकडे दशांश चिन्हापुढे ठेवले, पॉइंट पस्तीस, तर ते एक तृतीयांश मिनिटच होतं. जागा सरकते. माझगावला केदारच्या यंत्राची बॅटरी संपली असणार. त्याने ऑफिसचा जुना रिसीव्हर वापरला असणार. तो सेकंद दाखवतो. केदारने ते दशांश समजून उतरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लायंटकडच्या मीनल मॅडम ट्रायलला यायच्या होत्या. मॅडमनी माझगाव निवडलं आणि बाण त्या गेटवर गेला, तर कामही गेलं असतं आणि केदारही. काम जाणं कंपनीला परवडणारं नव्हतं. मी बागेत परत आले. बाकावर बसले. खूप वेळ बसले. समोर डॉकयार्डच्या क्रेन दिसत होत्या. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलायची वाक्यंही मनात तयार झाली होती, आणि ती फार चांगली होती.

मग मी त्याला फोन केला. सगळं सांगितलं.

"प्रज्ञाताई, तुम्ही उद्या सगळ्यांसमोर सांगू शकला असता," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "आकडे बदल."

ट्रायल सुरळीत झाली. मॅडमनी माझगावच निवडलं आणि डबी पहिल्या फेरीत मिळाली. त्या खूश होत्या. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात केदार स्वतःहून उभा राहिला. म्हणाला, "हा पॉइंट काल चुकीचा होता. चूक माझी होती. प्रज्ञाताईंनी पकडली, नाहीतर आज आपण दुसऱ्याच्या दारात उभे असतो."

मॅडमनी माझ्याकडे बघून मान हलवली. माझ्या तोंडून थँक्यू निघालं. पण प्रधान सर केदारकडेच बघत होते, स्वतःचा मुलगा पहिला आल्यासारखे. बाहेर येताना मला म्हणाले, "क्लायंटसमोर चूक कबूल करायला धाडस लागतं, प्रज्ञा. असा माणूस टीम सांभाळू शकतो."

खरंच होतं ते. मी त्याच्या जागी असते, तर उभी राहिले नसते.

फील्ड हेड केदार झाला. खेळही झाला, टचवाली यंत्रंच वापरली, आणि एकही टीम भरकटली नाही. हेड झाल्यावर त्याने पहिला नियम काढला: कुठल्याही कामाचं फायनल चेकिंग प्रज्ञाताई करतील. सगळ्यांना वाटलं, त्याने माझा मान ठेवला. तसंच असेल.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना मी एकच सांगते. आपलं काम मित्राला तपासायला देऊ नका. मित्र चारपाच नमुने बघतो आणि चहाला चला म्हणतो. ज्याला आपलं बरं बघवत नाही, त्याला द्या. तो शेवटच्या डबीपर्यंत चालत जातो.

केदारची कामं अजून मीच तपासते. एखादी चूक सापडेल या आशेने दर वेळी निघते. तेव्हापासून एकही सापडलेली नाही.