डाव्या सीटवरचा माणूस

वाटेत मांडलेला चौथा प्लास्टिकचा कोन पडला तेव्हा मी नानांना गाडी थांबवायला सांगितलं. चारही कोन डावीकडचे होते. उजवीकडच्या एकालाही धक्का लागला नव्हता.

मी ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर आहे. धुळ्यात माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे, आणि गेली काही वर्षं महागड्या गाड्यांच्या कंपन्या आपापल्या इव्हेंटना मला बोलावतात. कंपनी एखादी मोकळी जागा घेते, ट्रेलरवरून गाड्या आणते, निवडक गिऱ्हाइकांना बोलावते. गिऱ्हाईक स्टिअरिंगवर बसतं आणि मी त्याच्या डावीकडे. ब्रेक कधी दाबायचा, कुठे वळायचं, हे मी सांगत राहतो. कंपनीची गाडी, गिऱ्हाइकाचा जीव आणि ओघाने माझाही जीव सांभाळणं हे माझं काम. लोकांना वाटतं, याची मजा आहे. डावीकडे ब्रेक नसलेल्या गाडीत दिवसातून वीस वेळा बसून बघा म्हणावं.

यंदा असा इव्हेंट पहिल्यांदाच आमच्याकडे झाला. धुळ्याजवळच्या विमानाच्या धावपट्टीवर सकाळीच तीन इटालियन गाड्या उतरल्या. पहिली चार दारांची, ऐसपैस, लग्नाच्या वऱ्हाडात शोभेल अशी, पण पाय दाबला की मान मागे आदळते. दुसरी लाल, दोन सीटची, इंजिन पाठीमागे. ती इतकी बुटकी की आधी कंबर आत टाकायची आणि पाय मागाहून ओढून घ्यायचे. तिसरी लहान आणि हलकी. तिघींत माझी आवडती तीच, कारण स्टिअरिंग जरासं हलवलं तरी ती लगेच ऐकते.

पट्टीवर आम्ही प्लास्टिकचे नारिंगी कोन मांडले होते. त्यांच्यामधून नागमोडी जायचं, मग वेग घ्यायचा, मग आखलेल्या चौकोनात थांबायचं. प्रत्येकाने तिन्ही गाड्या चालवायच्या. पहिल्या दोन गाड्यांत इन्स्ट्रक्टर बोलतो. तिसऱ्या गाडीत सायलेंट लॅप, म्हणजे आम्ही तोंड बंद ठेवायचं आणि माणूस स्वतःच्या अकलेने कसा चालवतो ते बघायचं. शेवटी फॉर्मवर माझी सही. सही झाली की गिऱ्हाइकाला पसंतीची गाडी दोन दिवस घरी न्यायला मिळते. एकट्याने, हायवेवरून.

नाना जळगावहून आले होते. वय त्र्याहत्तर. उमेदीची तीस वर्षं त्यांनी सावद्याहून दिल्लीपर्यंत केळीचे ट्रक नेले. पुढे स्वतःचे ट्रक घेतले, आणि आता सगळा कारभार मुलगा भूषण बघतो. इटालियन गाडीचं खूळ मात्र नानांचंच. जन्मभर दुसऱ्यांचा माल वाहिला, आता जिच्यात काही भरताच येत नाही अशी गाडी चालवायची आहे, असं ते मला म्हणाले. मला माणूस आवडला.

त्यांच्यासोबत भूषण होता आणि सुपडूभाऊ होते, नानांचे जुने क्लीनर. आता त्यांचंही वय साठीच्या पुढे. क्लीनर म्हणजे नुसता गाडी पुसणारा नव्हे. ट्रकमध्ये ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि डावी बाजू क्लीनरच्या हवाली असते. सायकलवाला, खड्डा, म्हैस, जे काही असेल ते त्याने बघायचं आणि दारावर थाप मारायची. ट्रक सुटले तरी ही जोडी सुटली नव्हती. नानांच्या घरच्या गाडीतही डावीकडे सुपडूभाऊच बसत. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की मात्र ते कायमचे पिंपळनेरला मुलीकडे जाणार होते. मग नाना एकटेच चालवणार होते.

पहिल्या गाडीत नानांनी मला गार केलं. स्टिअरिंग दोन बोटांत, घाई नाही, ब्रेक असा की कपातला चहा हलू नये. मी माझ्या सवयीने बोलत होतो, जरा उजवीकडे घ्या, डावीकडे कोन आहे, आता सोडा. एकही कोन हलला नाही. लाल गाडीतही तेच. पाठीमागे इंजिन गरजलं तसे नाना गालात हसले आणि म्हणाले, "भरेल ट्रक घाट चढस तसा आवाज शे." इव्हेंट सांभाळणाऱ्या मुंबईच्या रितिका मॅडमना मी वायरलेसवर सांगून टाकलं की आजचा सगळ्यात चांगला ड्रायव्हर हा म्हातारा आहे. त्यांनी लगेच फॉर्म पुढे काढून ठेवला. भूषणने वडिलांचे फोटो काढले.

मग तिसरी गाडी. मी गप्प बसलो.

पहिला कोन पडला तो मी गाडीच्या नावावर टाकला. नवी गाडी, नाक बुटकं, अंदाज चुकतो. दुसरा पडला तेव्हा वाटलं, नाना जरा खुशीत आले असतील. तिसऱ्याला नानाच वैतागले.

"तू बोलत का नही? क्लीनर मुका व्हयना का?"

ते थट्टेत म्हणाले, पण तेच खरं होतं. सकाळपासून मी इन्स्ट्रक्टर नव्हतोच. मी त्यांचा क्लीनर झालो होतो. "डावीकडे कोन आहे" हे मी सांगत होतो आणि ते माझ्या बोलण्यावर वळत होते. चांगला ड्रायव्हर म्हणून ज्याचं कौतुक केलं, त्या माणसाची अर्धी बाजू मीच बघत होतो. तेवढ्यात चौथा पडला.

गाडी बंद करून मी त्यांना समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहायला सांगितलं. मान हलवायची नाही. मी खाली उतरलो, त्यांच्या उजवीकडे गेलो आणि हात लांब धरून बोटं हलवली. खांद्याच्या रेषेत हात आल्याबरोबर नाना म्हणाले, दिसला. मग डावीकडे आलो, दार उघडलं आणि तसाच हात धरला. नाना काही बोलले नाहीत. हात हळूहळू पुढे आणला. तरी काही नाही.

"नाना, मना हात दिसस का?"

"कोठे शे?"

हात त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता.

मला फार वाईट वाटलं. मी डॉक्टर नाही, पण पंचवीस वर्षं लोकांच्या डाव्या बाजूला बसलोय. मी त्यांना सरळ सांगितलं की तुमची डावीकडची नजर गेली आहे, कधीपासून ते माहीत नाही, आणि मी सही करणार नाही. नाना स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मग मान वळवून त्यांनी माझ्या हाताकडे नीट पाहिलं.

"मंग इतला दिन गाडी कोन चालाडे? मी का सुपडू?"

मी त्यांना डावीकडे बसवलं आणि गाडी स्वतः परत नेली.

पट्टीच्या कडेच्या मंडपात परतलो तेव्हा भूषण आधी माझ्यावरच चिडला. चार प्लास्टिकच्या टोप्या पडल्या म्हणून तुम्ही माझ्या बाबांना आंधळं ठरवताय, असं तो म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. घरी त्याने वडिलांना कधी चुकताना पाहिलंच नव्हतं. रितिका मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, सर, वयाचा आदर म्हणून दोन दिवस गाडी देऊ, सोबत आपला एक ड्रायव्हर देऊ, चालेल का? मी म्हटलं, "मॅडम, सोबत माणूस होता म्हणूनच हे इतके दिवस कळलं नाही. सही मिळणार नाही." त्या नाराज झाल्या. त्यानंतरच्या दोन इव्हेंटना मला बोलावणं आलं नाही, तेही सांगून ठेवतो.

पण खरी गोष्ट घडली ती सुपडूभाऊंपाशी. नाना त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "तुले मालूम व्हतं?"

सुपडूभाऊ जमिनीकडे बघतच म्हणाले,

"दोन वरीसपासून. माले वाटे, नानाले सांगं तं नाना गाडी सोडी दी. गाडी सोडी तं नाना बशी जाई. मी शे ना बाजूले, म्हनीसन काही बोलनू नही."

हळूहळू बाकीचं कळलं. दोन वर्षांपूर्वीच ते पिंपळनेरला जाणार होते. मुलगी बोलावत होती, गुडघे दुखत होते. तरी ते दरवेळी काहीतरी कारण काढून थांबत होते. यंदा मात्र मुलीने निर्वाणीचं बजावलं होतं. सकाळपासून ते माझ्याशी काहीतरी बोलायला बघत होते आणि मी त्यांना चहा घ्या, बसा, असं म्हणून दोनदा वाटेला लावलं होतं. याची मला आजही लाज वाटते. इव्हेंटच्या गडबडीत क्लीनरला कोण विचारतो?

नाना चिडतील असं मला वाटलं होतं. ते सुपडूभाऊंच्या शेजारी खुर्चीवर बसले आणि रडले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस मंडपात सगळ्यांसमोर रडला. भूषणचा राग तिथेच उतरला.

त्याच आठवड्यात त्यांनी जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. काचबिंदू निघाला. या आजारात दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेकडेने गुपचूप जाते आणि गेलेली परत येत नाही. डाव्या डोळ्यात थोडीच उरली होती, उजव्यातही नाकाकडच्या बाजूने सुरुवात झाली होती. आता रोज थेंब घालतात. उरलेली टिकेल असं डॉक्टर म्हणाले. भूषणने मला फोन करून हे कळवलं आणि शेवटी, जरा अडखळत, थँक्यू म्हणाला.

गाडी त्यांनी घेतली नाही. नानांनी लायसन्स मुलाच्या हातात दिलं. आखाजीनंतर सुपडूभाऊ पिंपळनेरला गेले, आणि त्यांना सोडायला नाना घरच्या गाडीने गेले. भूषण चालवत होता. दोघं म्हातारे मागच्या सीटवर होते.

माझ्या कामात मी एक बदल केला आहे. सायलेंट लॅप आता मी शेवटी नाही, सगळ्यात आधी घेतो. गिऱ्हाइकांना ते आवडत नाही, कंपन्यांनाही नाही, कारण पहिल्याच फेरीत कोन पडतात आणि फोटो बिघडतात. पडू देत. मी बोलत राहिलो तर माझंच ड्रायव्हिंग तपासलं जातं, आणि मी कसा चालवतो ते मला आधीच ठाऊक आहे.