पुट्टीकाकांचं राहतं घर

रंगाऱ्यांमध्ये त्यांना सगळे पुट्टीकाका म्हणत. त्यांनी पुट्टी लावून घासलेल्या भिंतीवरून तळहात फिरवला, तर तो कुठेही अडायचा नाही. माणूसही तसाच, सरळ. आठवड्याची मजुरी मिळाली की पाकीट न उघडता बायकोच्या हातात द्यायचे आणि कामावर मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "घरातलं अर्थखातं तिच्याकडे. मला विजेचं बिल किती येतं तेही ठाऊक नाही."

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. मूलबाळ नव्हतं. दोघांचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि ते बायकोच्या नावावर होतं.

दोन वर्षांपूर्वी काका एका इमारतीच्या परांचीवरून पडले. मणक्याचं ऑपरेशन झालं, पाच महिने अंथरुणात गेले. दवाखान्यात पडल्यापडल्या त्यांचा एकच धोशा होता, "माझ्यापायी घर विकायची वेळ आली, तर मला परत नेऊच नकोस." तेव्हा बायकोने सांगितलं की बिल त्या कामाच्या ठेकेदाराने भरलंय. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हिंडू-फिरू लागल्यावर ते आधी बायकोला घेऊन ठेकेदाराकडे गेले आणि त्याच्या पाया पडले. तो म्हणाला, "अहो, हे काय करताय." एवढंच. पुढे त्याने नवा बंगला बांधला, तर काकांनी अठरा दिवस खपून तो आतून-बाहेरून रंगवून दिला. एक पैसा घेतला नाही.

मग एका मंगळवारी सकाळी घरांच्या खरेदी-विक्रीतला एक एजंट त्यांना चहाच्या टपरीवर भेटला. तो कधीमधी कामं द्यायचा.

"दोन खोल्या आहेत काका, विकायच्यात. रंग जरा गडद आहे, गिऱ्हाईक नाक मुरडतं. सगळं पांढरं करून टाका. भिंती मात्र एक नंबर आहेत, कुणीतरी जीव ओतून काम केलंय." त्याने मोबाइल पुढे धरला. "फक्त बाईंचा नवरा घरात नसताना जाऊन बघायचं. बाईंनी अजून त्याला सांगितलेलं नाही."

फोटोत काकांचं स्वयंपाकघर होतं. ओट्यावर त्यांचा कप उपडा घातलेला होता. खुंटीला त्यांचाच सदरा.

काकांनी फोटो पुढे सरकवला, मागे आणला, पुन्हा पुढे सरकवला. दुसऱ्या कुणाचं घर निघेल, अशी वाट बघत असल्यासारखे.

"काय झालं काका? पत्ता पाठवू?"

"नको," काका म्हणाले. "माहीत आहे."

ते सरळ औषधांच्या दुकानात गेले. काउंटरपुढे चार माणसं होती, ते रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा बायकोने मान वर न करता हात पुढे केला, "चिठ्ठी?"

"घर विकतेयस?"

तिचा हात तसाच राहिला. मग तिने सोबत काम करणाऱ्या मुलीला काउंटर सांभाळायला सांगितलं आणि त्यांना मागच्या गोदामात नेलं. खोक्यांच्या मधल्या जागेत दोघं उभी राहिली.

"ठेकेदाराने काही भरलं नव्हतं," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्याची मजुरी दिली आणि फोन उचलायचं बंद केलं. मी दोन ठिकाणांहून कर्ज काढलं. आता व्याजच भागत नाही."

काका खोक्यावर बसले. त्यांना घर आठवलंच नाही. आठवला तो बंगला. "मी त्याच्या पाया पडलो," ते म्हणाले. "तू दारात उभी होतीस."

"हो."

"अठरा दिवस डबा देत होतीस मला. त्याच्याकडे जायला."

"आधी तुम्हाला उठता येत नव्हतं. उठलात ते थेट त्याचे आभार मानायला गेलात. मग कुठल्या तोंडाने सांगायचं? रोज मनाशी म्हणायचे, उद्या सांगते." तिचा आवाज चढला. "आणि तुम्ही तरी कधी विचारलंत? पाकीट दिलं की सुटलात. मला एकटीला त्यात ढकलून वर लोकांना कौतुकाने सांगत होता."

काकांचे कान गरम झाले होते, आणि हे खरं आहे, एवढंच त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून ठेकेदाराकडे गेली. तो गांगरला नाही. "मी कधी म्हटलं होतं की बिल मी भरलं? तुम्ही आभार मानत होता, मी ऐकून घेत होतो." माणूस इतक्या सहज असं बोलू शकतो, यावर काकांचा विश्वास बसेना. बोलली ती बायकोच. "मग बंगल्याची मजुरी द्या. अठरा दिवसांची." शेजारच्या खोलीतून ठेकेदाराची म्हातारी आई ऐकत होती. ती बाहेर आली तसे त्याने निम्मे पैसे काढून दिले. उरलेले कधीच आले नाहीत.

त्या पैशांनी व्याजाचे तीन महिने निभावले, पण घर वाचलं नाही. काकांनी ते स्वतःच पांढरं केलं. बायकोने रजा काढली आणि भिंतींचा खालचा भाग पॉलिश पेपरने घासून दिला. घर विकून कर्ज फिटलं. उरलेल्यातून भाड्याच्या घराची अनामत भरली.

आता मजुरीचं पाकीट काका स्वतः उघडतात. काय कुठे जायचं ते दोघं मिळून ठरवतात, भांडतातही. पण काकांचं मन अजून त्या गोदामातून बाहेर आलेलं नाही. भाजी निवडता निवडता त्यांचा हात थांबतो.

"आपण माझ्या वाढदिवसाला हॉटेलात गेलो होतो. तेव्हाही कर्ज होतं?"

"तेव्हाही."

"आणि तुझ्या बहिणीच्या घरी आठ दिवस राहिलो, इतकं हसत होतीस, तेव्हा?"

"आपण तिकडे गेलो, त्याच दिवशी सकाळी दुसरं कर्ज मंजूर झालं होतं," ती सांगते आणि त्यांच्या पुढ्यातली जुडी आपल्याकडे ओढून घेते.