अकरा बाटल्या आणि एक हात

उजवा हात प्लास्टरमध्ये असताना माझ्या धाकटीने काल एकटीने तिची काचेची बाटली हाताळायचा प्रयत्न केला, हे कळल्यापासून मला चैन नाही. मनगट दीड महिन्यात जुळेल म्हणतात. हट्टाचं काय, ते कुठलाच डॉक्टर सांगत नाही.

तिचं काम चारचौघांत सांगताना माझी पंचाईत होते. इतरांच्या मुली बँका सांभाळतात, शाळा सांभाळतात. माझी चिखल सांभाळते. समुद्राच्या तळाचा काळा चिखल, बारा बाटल्यांत, रबरी बुचं ठोकून. आत हवा जाता कामा नये. पाण्यात एक रंग घातलेला असतो. प्राणवायू जरा शिरला की पाणी गुलाबी होतं आणि माझी लेक पांढरी पडते.

त्या चिखलात दोन जातींचे सूक्ष्मजीव एकमेकांना बिलगून राहतात. पहिला मिथेन वायू खातो, पण प्राणवायू नसल्यामुळे एकट्याला तो पचत नाही. खाताना सुटलेले इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी गळ्यात मारावे लागतात. शेजारचा ते घेतो, पाण्यातल्या सल्फेटवर खर्च करतो आणि त्यावर आपलं पोट भरतो. एक नसेल तर दुसरा उपाशी. दोघांचं मिळून भागतं तेही इतकं बेताचं, की एकाचे दोन व्हायला कित्येक महिने लागतात. वर सडक्या अंड्यांचा वास सुटतो तो वेगळाच. घरी कधी येतेस विचारलं की बाईसाहेब म्हणतात, "आमच्याकडे घाई नसते, आई."

पहिली तीन वर्षं तिने या जोडीला वेगळं करण्यात घालवली. जीव सुटा वाढवला तरच तो खरा ओळखला, असा तिच्या क्षेत्रातला जुना दंडक. शेजारच्या टेबलावर एक तंत्रज्ञ आहे. दिवसातून तीनदा सगळ्यांची बुचं तपासतो, म्हणून ही त्याला 'हवामान खातं' म्हणते. तो तेव्हाच म्हणाला होता, "मॅडम, नांदतायत ते नांदू द्या ना."

"तुम्ही तुमच्या बाटल्या धुवा," ही म्हणाली.

सुट्या केलेल्या सगळ्या बाटल्या थंड पडल्या. एकत्र ठेवलेल्या बारा तेवढ्या जगल्या. त्यावर हिने परस्परावलंबनाविषयी मोठा शोधनिबंध लिहिला. लेखक म्हणून एकटीचं नाव, आभारांत कुणीच नाही. हवामान खात्याने बुचं तपासणं सोडलं नाही, हिच्याशी बोलणं मात्र सोडलं.

गेल्या आठवड्यात ती प्रयोगशाळेच्या ओल्या फरशीवर घसरली. दवाखान्यात नेलं त्यानेच. मला फोनही त्याचाच. "काकू, घाबरू नका. मॅडम डॉक्टरांवर ओरडतायत, म्हणजे ठीक आहेत."

दर पंधरवड्याला बाटल्यांतलं जुनं पाणी काढून नवं भरावं लागतं, नाहीतर स्वतःच सोडलेल्या घाणीत ते जीव गुदमरतात. हे दोन हातांचं काम. हिने काल एका हाताने केलं. पाणी गुलाबी झालं. बाराच्या अकरा राहिल्या, आणि त्यांची मुदत सोमवारपर्यंत.

"अगं, त्याला सांग ना," मी आज फोनवर म्हणाले.

"कुणाला?"

"तुझ्या हवामान खात्याला."

"नको. हे सगळं मी एकटीने उभं केलंय."

"एकटीने? आणि ते दोघं काय करत होते?"

"आई, ते सूक्ष्मजीव आहेत. त्यांना स्वाभिमान नसतो."

"म्हणून तर जगले."

मग म्हणाली, "मी त्याच्यापुढे हात पसरणार नाही."

"पसरायला तुझ्याकडे आहे एकच."

एरवी ती हसली असती. नाक ओढल्याचा आवाज आला. "सात वर्षं झाली गं," एवढंच म्हणाली, आणि लगेच सावरून, "तू त्याला फोन केलास तर बघ हं. बोलणार नाही तुझ्याशी."

ती महिनाभर सहज अबोला धरू शकते. दहावीत धरला होता, त्यातून मी आणि ती दोघी वाचलो. अकरा बाटल्या मात्र सोमवारनंतर वाचणार नाहीत, आणि पुन्हा सात वर्षं घालायची म्हटलं तर तिच्या अंगात बळ राहील का, याची मला खात्री नाही.

त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. तो सकाळी साडेसातला कामावर जातो. मी उद्या सव्वासातला फोन करणार आहे. आभारांबद्दलची माफी तिची तिने मागायची, त्यात मी पडणार नाही. एवढंच विचारीन, की सोमवारी त्याला दोन तास मोकळे आहेत का.