आधी मीठ, मग ताट

यात्रेच्या दिवशी सगळं गाव मटणाच्या वासाने वेडं व्हायचं आणि आमचे आबा मात्र पंगतीकडे पाठ करून कातड्याला मीठ चोळत बसायचे. आबा आमच्याच भावकीतले, निफाडकडच्या द्राक्षबागेत जन्मभर राबलेले. मानाच्या बोकडाचं कातडं कमावून देवीच्या डफाला चढवायची आमच्याकडे रीत आहे. ते कमावणाऱ्याकडे पोचेपर्यंत टिकवायचं काम आबांचं. कोणी जेवायला बोलावलं की म्हणायचे, "आधी मीठ, मग ताट."

कातडं सावलीत पसरून, चिकटलेली चरबी बोथट सुरीने खरवडून, मग जाडं मीठ. मानेला आणि पायांच्या कडांना दुप्पट. "कड राहिली का कातडं गेलं," हे दर साली ऐकवायचे. दुसऱ्या दिवशी केस ओढून बघायचे. केस हातात आले तर कातडं सडलं म्हणून समजा.

एका साली आबा तापाने पडले आणि काम माझ्याकडे आलं. मी नाशिक रोडला नोकरी करणारा, चार बुकं शिकलेला शहाणा. म्हटलं, एवढं ऊन आहे, मीठ कशाला? कातडं पत्र्यावर टाकलं आणि पंगतीत जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी मूठभर केस हातात आले. वरून कडक, आतून सडलेलं. त्या साली दसऱ्याला देवीची पालखी जुन्या, चिरलेल्या डफावर निघाली. लाजेने माझी मान वर होईना.

आबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बोकड येकदा मेला व्हता. तू त्याला दुसऱ्यांदा मारलं." ते अजून टोचतं.

पुढच्या यात्रेपासून त्यांनी मला शेजारी बसवलं. शेवटच्या साली त्यांना वाकवत नव्हतं. खुर्चीत बसून काठीने दाखवायचे, "त्या पायापाशी राह्यलं बघ." माझं झाल्यावर त्यांनी सगळ्या कडा चाचपल्या आणि म्हणाले, "जेव आता." नोकरीत एवढी मोठी शाबासकी मला कुठल्या साहेबाने दिली नाही.

यंदा आबा नाहीत. पंगत बसली, पुतण्या दोनदा हाक मारून गेला. मी मीठ चोळलं, पायापाशी पुन्हा पाहिलं, हात धुतले. भूक चांगलीच लागली होती. पण "जेव आता" म्हणायला कोणी नव्हतं, आणि मी कितीतरी वेळ कोरडे झालेले हात पुसत तिथेच उभा राहिलो.